न लपवलेला बग

सासूबाईंना मिशा होत्या. चांगल्या जाड, पिकलेल्या, आणि त्या फुरफुरायला लागल्या की समजावं, आज कुणाची तरी खैर नाही. तोंडावर सगळे त्यांना सर म्हणायचे, पाठ फिरली की सासूबाई. कारण उघड होतं. दुसऱ्यानं जीव ओतून केलेल्या कामात खोट काढायची, हाच त्यांचा धंदा, आणि वर त्याचा पगार. डिझाइनवाले चिप आखायचे, आणि सासूबाईंची माणसं ती चिप कारखान्यात जायच्या आधी कम्प्युटरवर चालवून, पिळून, छळून बघायची. जे करायला हवं तेच करते ना? अडचणीत सापडली की काय करते? या छळाला व्हेरिफिकेशन म्हणतात. चिप एकदा कारखान्यात गेली की खोडरबर चालत नाही, जे छापलं ते छापलं.

ही विद्या शिकायला धाकटी त्यांच्या हाताखाली आली होती. धाकटी म्हणजे ताईची धाकटी बहीण. ताई त्याच ऑफिसात डिझाइन करायची, चांगली नावाजलेली होती, आणि साहेबांच्या मागे लागून लागून तिनंच बहिणीला तिथे चिकटवलं होतं. धाकटी आधी शाळेत गणित शिकवायची. शाळा बंद पडली. घरात आई आणि दोघी बहिणी, आणि हातावर हात ठेवून बसणं धाकटीच्या रक्तात नाही. पण चाळिशीला टेकल्यावर पोरासोरांच्या शेजारी बसून पहिल्यापासून शिकायचं म्हणजे लाज गिळावी लागते हो. तिनं ती गिळली. शिकाऊ म्हणून घेतलं होतं, काम जमलं तर कायम करणार होते.

पहिल्याच दिवशी सासूबाई तिला म्हणाले होते, "चिपनं काय करायला हवं ते स्पेकमध्ये लिहिलंय. ते तुम्ही स्वतः वाचायचं. वाचून आपलं एक मॉडेल लिहायचं, बरोबर उत्तर देणारं. मग चिप आणि मॉडेल, दोघांना तेच प्रश्न घालायचे. उत्तरं जुळली की हिरवी ओळ, नाही जुळली की लाल. कळलं?"

"कळलं, सर."

"आणि एक. ज्यानं चिप आखली त्याला काहीही विचारायचं नाही. त्याला विचारून मॉडेल लिहिलंत, तर त्याची चूक तुमच्याही घरात येऊन बसते. मग दोघं मिळून चुकीचं उत्तर देतात आणि सगळं हिरवंगार दिसतं. माझ्याकडे जो विचारतो, तो राहत नाही."

आता गंमत बघा. धाकटीला तपासायला मिळाला तो ताईचाच भाग. चिप होती रुग्णाच्या उशाशी ठेवायच्या श्वासाच्या यंत्राची, आणि ताईचा भाग होता धोक्याच्या सूचना सांभाळणारा. नळी निसटली, दाब घसरला, की सेन्सर खबर देतो, ताईचा भाग ती खबर धरून ठेवतो आणि घंटा वाजते. नर्सनं बटण दाबलं की खबर मिटते, घंटा थांबते. एवढंच. पण हे एवढंच समजावून सांगणारं स्पेक चांगलं उशीएवढं जाड होतं, आणि धाकटीनं ते जिद्दीनं, तोंडाला फेस येईपर्यंत वाचलं. सगळं वाचलं. फक्त एक प्रकरण सोडून.

त्या प्रकरणाशी आली तेव्हा तिचं डोकं भणभणत होतं. घरी, भांडी पुसता पुसता, ताईला सहज म्हणाली, "बटण दाबलं आणि नेमकी त्याच क्षणाला नवी खबर आली, तर गं?"

"मिटव सगळं," ताई म्हणाली. "बटण म्हणजे बटण. पाटी कोरी."

झालं. आयुष्यभर हेच चालत आलेलं. पहिली सायकल, पहिलं बीजगणित, पहिला नोकरीचा अर्ज, सगळं ताईला विचारून. त्यात तिला काही वावगं वाटलंच नाही. मॉडेलमध्ये 'पाटी कोरी' लिहून टाकलं आणि पुढे गेली. टेस्ट हिरव्या झाल्या.

शिकवण्याच्या शेवटी सासूबाई एक खेळ खेळायचे. खेळ त्यांच्यासाठी, शिकणाऱ्याचा जीव जायचा. डिझाइनची एक प्रत करायचे आणि तिच्यात स्वतःच्या हातानं बग, म्हणजे चुका, लपवायचे. किती, कुठे, सांगायचे नाहीत. शिकणाऱ्याच्या टेस्टनी ते पकडायचे, आणि सगळे सापडले असं वाटलं की स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "झालं." म्हटलं आणि एखादा शिल्लक निघाला, तर शिकणं पहिल्यापासून.

धाकटीनं भराभर पकडले. एक मोजणी एकानं चुकवणारा होता, एक दोन तारांची अदलाबदल केलेला, एक यंत्र झोपेतून उठल्यावरच डोकं वर काढणारा. हा शेवटचा सापडला तेव्हा सासूबाईंच्या मिशीखाली हसू आल्यासारखं वाटलं, पण ते खोकलेही असतील.

"झालं म्हणताय?" त्यांनी विचारलं.

"उद्या सांगते," धाकटी म्हणाली.

"उद्या संध्याकाळी चिप कारखान्यात जातेय, बाई. दुपारच्या बैठकीत मला तुमचा हो-नाही लागेल."

तिला काय टोचत होतं ते तिलाच ठाऊक होतं. सगळ्या मॉडेलमध्ये तेवढा एक तुकडा तिचा नव्हता, ताईचा होता. तिथेच सासूबाईंनी एखादा बग लपवला असला तर? दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तिनं तो तुकडा पुसला आणि ते वगळलेलं प्रकरण उघडून बसली. तिसऱ्या पानावर सरळ सरळ लिहिलं होतं: बटण दाबल्याच्या क्षणी आलेली नवी सूचना कोणत्याही परिस्थितीत हरवता कामा नये. ती धरून ठेवावी.

अगं बाई! तिनं तसं लिहिलं आणि टेस्ट लावली. लाल.

खुर्चीतून ती उडालीच. सापडला! थेरड्यानं शेवटचा तिथेच दडवून ठेवला होता तर. शेजारची पोरं वळून बघायला लागली, तरी तिला हसू आवरेना.

जेवणाच्या सुट्टीत दोघी बहिणी खिडकीपाशी डबे उघडून बसल्या. धाकटीच्या तोंडात घास राहीना. "ताई, सापडला गं शेवटचा! आणि इतका बावळट बग, सांगू? नवी खबर आणि बटण एकाच क्षणी आलं, तर हा शहाणा नवी खबर पुसून टाकतो! म्हणजे तिकडे माणसाची नळी निसटलीय आणि घंटा गप्प! सासूबाईंना म्हणावं, लपवायचं तर जरा खरं वाटेल असं तरी लपवा. शुद्धीवर असलेला माणूस असलं डिझाइन करील का?"

ताईचा चमचा डब्यातच थांबला.

"काय झालं?"

"ती ओळ त्यांची नाही," ताई म्हणाली. "माझी आहे."

धाकटीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, उतरवायचं कसं ते तिला सुचेना. मग ती उठली, धावत जाऊन तीच टेस्ट खऱ्या डिझाइनवर लावली, जे संध्याकाळी कारखान्यात जाणार होतं त्याच्यावर. लाल. पुन्हा लावली. लालच. वळून बघते तर ताई पाठीशी उभी.

"बाहेर चल," ताई म्हणाली.

जिन्यात कुणी नव्हतं. ताई भिंतीला टेकली. तिचा आवाज शांत होता, आणि धाकटीला त्याचीच जास्त भीती वाटली, कारण ताई चिडली की ओरडते, घाबरली की शांत होते.

"तू मला विचारलं होतंस. मी सांगितलं. तू मान डोलावलीस."

"हो."

"तुझं जुनं मॉडेल आहे ना अजून? ते हिरवं आहे. तेच ठेव."

"ताई!"

"ऐक तर. एकाच क्षणाला दोन्ही येणं म्हणजे किती दुर्मिळ, ठाऊक आहे तुला? डोळ्याची पापणी लवते ना, त्याचे कोट्यवधी तुकडे केले, तर त्यातल्या एकाच तुकड्यात दोन्ही यायला हवं. नाही होत असं. पुढच्या आवृत्तीत मी गुपचूप नीट करीन. तुला खोटं बोलायला सांगत नाहीये मी. नुसतं 'झालं' म्हण."

"बटण माणूस दाबतो कधी, ताई? आधीची घंटा वाजत असते, धावपळ चाललेली असते, तेव्हाच ना? आणि नळी निसटते कधी? त्याच धावपळीत. आणि यंत्र काय एकच आहे? किती उशांशी लागणार, किती वर्षं चालणार..."

"मला शिकवू नकोस!" आता मात्र ताईचा आवाज चढला. मग लगेच खाली आला. "या महिन्यात मला टीमची प्रमुख करतायत. साहेब आजच्या बैठकीत सांगणार आहेत. आणि तुझं काय, ते बघ. तू डिझायनरला विचारलंस हे सासूबाईंना कळलं, तर तुला ठेवतील? मी तुझ्यासाठी इथे किती जणांचे पाय धरलेत, ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. ते खरं होतं म्हणून तर एवढं लागलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचाच संताप आला. रडायची ही काय वेळ? आणि मनातून, खरं सांगायचं तर, ती मोहात पडली होती. पूर्ण पडली होती. एक फाइल जुन्या जागी ठेवायची. हिरव्या ओळींचा ढीग त्यांच्यापुढे टाकायचा. नोकरी कायम, ताई प्रमुख, आई खुश. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

"मी बघते," असं काहीतरी पुटपुटून ती आत गेली.

जागेवर बसली. जुनी फाइल उघडली. 'पाटी कोरी' लिहिलेली ओळ तिच्याकडे बघत होती, आणि ती त्या ओळीकडे. शेजारचं पोरगं म्हणालं, "चला, बैठक आहे ना?" तिनं लॅपटॉप तसाच काखोटीला मारला आणि निघाली. काय म्हणायचं ते अजून ठरलं नव्हतं. कॉरिडॉर संपूच नये असं वाटत होतं.

बैठकीत साहेब टेबलाच्या टोकाला होते, मजेत होते, कारखान्याशी सगळं ठरलेलं. एकेका भागाचं नाव घ्यायचं, एकेकानं हो म्हणायचं. हो. हो. हो. ताई समोर बसली होती. ती धाकटीकडे बघत नव्हती. पाण्याच्या ग्लासाचा काठ अंगठ्यानं पुसत होती, पुन्हा पुन्हा.

"धोक्याच्या सूचना?" साहेब म्हणाले.

सासूबाईंनी धाकटीकडे पाहिलं. "बोला. झालं?"

हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं.

"नाही," धाकटी म्हणाली. "लाल आहे."

साहेबांचा पेन थांबला. "लाल म्हणजे? कालपर्यंत तर हिरवं होतं!"

"कालपर्यंत माझं मॉडेल चुकीचं होतं. बटणाच्या क्षणाला नवी सूचना आली, तर हरवते. खऱ्या डिझाइनमध्ये."

"तिला कळलेलं नाही ते," ताई पटकन म्हणाली. अजून धाकटीकडे न बघता. "शिकाऊ आहे, साहेब. काल हिरवं होतं ते बरोबर होतं. तिनं आज मॉडेलमध्ये काहीतरी घोळ केलाय."

आपल्या सख्ख्या बहिणीनं चारचौघांत असं म्हणावं! धाकटीच्या कानशिलाला झिणझिण्या आल्या. एवढा वेळ जी भीती होती, ती त्या वाक्यानं कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी राग आला, भाजून काढणारा. तिनं स्पेकचं ते पान पडद्यावर लावलं आणि वाचलं, वर्गात वाचायची तसं, एकेक शब्द सुटा करून. मग सगळ्यांच्या देखत टेस्ट लावली. लाल ओळ आली.

"ताई," ती म्हणाली, आणि एवढ्या लोकांत तिला ताई म्हटलं हे तिच्या लक्षातही आलं नाही, "हे वाचून तू 'पाटी कोरी' म्हणून दाखव. मी आत्ता माझे शब्द मागे घेते."

ताईनं ग्लास बाजूला सरकवला.

सासूबाईंनी मान वळवली. "काल तुमचं मॉडेल चुकलं कसं?"

आला प्रश्न. "मी ते प्रकरण वाचलं नव्हतं, सर. ज्यांनी डिझाइन केलं, त्यांना विचारलं होतं."

मिशा फुरफुरल्या नाहीत. त्याचंच तिला वाईट वाटलं. ते नुसते दमल्यासारखे दिसले. "मी लपवलेले सगळे तुम्ही कालच पकडले होतेत," ते म्हणाले. "हा माझा नाही. हा मलाही दिसला नव्हता." मग म्हणाले, "तरी तुम्ही विचारलंत. कायम करायचं आता नाही. पहिल्यापासून शिकायचं, आणि राहायचं की नाही ते मी ठरवीन."

साहेबांनी कारखान्याला फोन लावून उद्यापर्यंतची मुदत मागितली, तीही किती गयावया करून. फोन ठेवल्यावर ताईला एवढंच म्हणाले, "आज दुरुस्त करा. बाकीचं आपण नंतर बोलू." बाकीचं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं.

ताई उठली, धाकटीच्या खुर्चीमागून निघून गेली.

उरलेली दुपार कशी गेली ते विचारू नका. दोघींच्या जागांच्या मध्ये एक कपाट आणि एक चहाचं टेबल, एवढंच अंतर. ताईच्या कीबोर्डचा खडखडाट ऐकू येत होता, थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. धाकटी दोनदा उठली आणि दोनदा बसली. जाऊन सांगणार काय होती? माफ कर? कशाबद्दल? आणि घरी एकाच दारातून आत जायचं होतं, एकाच टेबलावर जेवायचं होतं, आणि आई विचारणार, काय गं, तोंडं का अशी?

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास दुरुस्ती आली. सोबत निरोप नाही, काही नाही, नुसती फाइल. धाकटीनं टेस्ट लावल्या. बटणाच्या क्षणाची ती टेस्ट हिरवी झाली आणि तिचा जीव भांड्यात पडला. बाकीच्या एकामागोमाग हिरव्या होत गेल्या. आणि मग, शेवटाकडे, एक लाल.

नाही. आता नाही. देवा, आता नको.

तिनं नीट पाहिलं. घाईत ताईनं असं केलं होतं, की बटणाच्या क्षणी कुठलीही नवी खबर आली, तर बटणच रद्द. नवी खबर टिकली, पण आधीच्या मिटायला हव्या होत्या त्याही तशाच राहिल्या. म्हणजे नर्स बटण दाबतेय, दाबतेय, आणि भलतीच घंटा वाजतेय. यानं कुणी मरणार नव्हतं. जरा जास्त वेळ आवाज होईल, एवढंच. धाकटी त्या ओळीकडे बघत बसली. एवढ्यासाठी पुन्हा? आजच? आज तिच्यामुळे ताईची खुर्ची गेली होती. आता जाऊन म्हणायचं, दुरुस्तीही चुकलीय?

पण नर्स वैतागून घंटाच बंद करून टाकेल, आणि मग खरी वाजणारच नाही. हे एकदा मनात आलं ते आलं. ती उठली.

कपाट ओलांडून ती ताईच्या जागेपाशी गेली. ताईनं मान वर केली नाही. डोळे सुजले होते. ती रडली होती, ऑफिसात, ताई!

"परत?" ताईनं विचारलं.

"परत," धाकटी म्हणाली.

ताईनं दोन्ही तळहात चेहऱ्यावर दाबले आणि तशीच बसून राहिली. मग हातांच्या आडूनच म्हणाली, "सासूबाईंना सांगितलंस?"

"नाही. आधी तुला सांगायला आले."

ताईनं हात खाली घेतले. बैठकीनंतर पहिल्यांदा तिनं बहिणीकडे सरळ पाहिलं, आणि तिच्या नजरेत राग होता, लाज होती, आणि कधी नव्हे ती भीती होती.

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "आधी त्यांना सांग. जा ना! मी तुला परत गप्प राहा म्हणायच्या आत जा."

धाकटी गेली.